पिल्लं पवायला लागली की

११ जानेवारी १९७९

ती बोलली. आपणहून बोलली.

सकाळच्या पॅसेंजरला मी नेहमीसारखा चुडाव्याच्या फलाटावर लिंबाखाली उभा होतो. कॉलेज सोडलं तरी मी गाडीची वेळ सोडलेली नाही. ती आता गाडीला येत नाही, पण तिच्या बापाचं रेल्वेचं क्वार्टर तिथून दिसतं. तेवढं बघून परत यायचं. आज क्वार्टरचं दार उघडून सत्यशीला सरळ माझ्याकडं चालत आली. हातात पाटी, पाटीत कोंडा आणि कोंड्यात अंडी. कोंबडीच्या अंड्याहून थोराड, जराशी हिरवट.

"तेलगू स्टेशनमास्तरांची बदली झाली. त्यांची बदकी कुत्र्यानं रुळावर धरली. ही अंडी तेवढी राह्यलीत," ती म्हणाली. "तुमच्याकडं खुडूक कोंबडी हाय म्हणं. मेंढरंवाली बानूबाई सांगत होती."

"हाय की."

"मग बसवा तिच्याखाली. पिल्लं निघू द्या, चांगली पवायला लागू द्या. पवायला लागली की निरोप धाडा, मी येते बघायला. तवर इकडं येऊ नका. अंड्यांकडं ध्यान द्यावं लागतं."

तिचा बाप सिताराम, गँगमन, दारात उभा होता. माझ्याकडं न बघता रुळाकडं बघत होता.

मी येते बघायला! वर्गात तिच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्या पोराचा दात मी पाडला, चौकशी झाली, माफी माग म्हणाले तर मी कॉलेजच सोडून आलो. त्यानंतर आजवर ही पोरगी माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. लाजत असेल. आज तिनं शब्द दिला. पाटी छातीशी धरून गावापर्यंत चालत आलो, बैलगाडीत बस म्हणणाऱ्यालाही नको म्हणालो. हादऱ्यानं अंडी फुटली असती.

मायला सांगितलं, मास्तरीणबाईनं दिली. सत्यशीलाचं नाव घेतलं असतं तर अंडी दारातूनच परत गेली असती.

२ फेब्रुवारी

कोंबडीची अंडी असती तर एव्हाना पिल्लं निघाली असती. ही ढिम्म आहेत. आज एक उचलून कानाशी हलवून बघितलं तर मायनं हातावर फटका दिला.

"त्येच्यात जीव हाय का खुळखुळा?"

"नासलेत वाटतं."

"बदकाला येळ लागतो म्हणायची मास्तरीण, बाजारात भेटली की. तुला काय गाडी गाठायचीय?"

दादा ओसरीवर सुपारी कातरत होते. माझ्याशी ते बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. सटवाजीला, आमच्या सालगड्याला, म्हणाले, "आमचं पोरगं बी.एस्सी. करायलाय असं सांगायचो पाव्हण्यांना. आता सांगायचं, अंडी उबवायलाय." सटवाजी हसला नाही, म्हणून जास्त लागलं.

स्टेशनाकडं गेलो नाही. तिनं सांगितलंय ना. पण पॅसेंजरची शिट्टी झाली की पाय आपोआप चपलेत जातात.

८ फेब्रुवारी

निघाली! सात निघाली, एक अंडं गेलं. पिवळी, चोच चपटी, पायाला पडदे. माय म्हणाली, "आगं बया, चोची कुणी चेंबटल्या ह्यांच्या?" कोंबडी मात्र काही मनात न आणता त्यांना पंखाखाली घेऊन बसली. आपली नव्हेत हे तिला कळत नसेल, की कळूनही चालत असेल?

११ फेब्रुवारी

कोंबडी उकिरडा उकरून दाखवते, ही बघतसुद्धा नाहीत. पाण्याच्या वाडग्यावर मात्र तुटून पडतात. एक तर वाडग्यात बसलंच. जन्मल्या जन्मल्या पाणी ओळखतात. बदकाच्या पिल्लाला पवायला कोण शिकवतं? मग थांबायचं कशाला?

बानूबाईची मेंढरं आमच्या खालच्या रानात खतासाठी बसलीत. तिचं रोजचं चारणं रुळाच्या कडेनं, क्वार्टरवरूनच जाते ती. तिला म्हणालो, "दोन दिवसांत तुझ्याजवळ एक निरोप देणार हाय."

"कुणाला?"

"सिताराम गँगमनच्या घरी."

बानूबाईनं खांद्यावरची काठी खाली घेतली. "चंदर, तुझ्या बापाच्या रानात माझी मेंढरं हायत. मला ह्यात घालू नको."

"पिल्लं पवायला लागली, एवढंच सांगायचंय."

"एवढंच?" म्हणाली आणि मेंढरांना हाळी देत गेली.

१३ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

सकाळीच टोपल्यात पिल्लं घेऊन ओढ्याच्या डोहावर गेलो. थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. कोंबडी कोकलत मागं आली. एकेक करून सोडली. आणि काय पवली! कापसाच्या बोंडासारखी पाण्यावर हलकी, पायानं रेघा ओढत, वळत, एकमेकांच्या मागं. एकानं तर बुडी मारली. मी काठावर एकटाच टाळ्या वाजवत होतो. कोंबडी वेड्यासारखी काठानं इकडून तिकडं धावत होती, ओरडत होती, पाण्यात पाय घालून परत घेत होती. मला हसू आलं. म्हणालो, तुझ्या जातीला कळायचं नाही ते.

मग पिल्लं खाली बसायला लागली. म्हणजे पाण्यात. आधी पाठ पाण्याबरोबर आली, मग नुसती मान वर. पिवळी लव भिजून अंगाला चिकटली, आत बोटाएवढा जीव. मला वाटलं खेळतायत. एक आडवं झालं तेव्हा कळलं. कपड्यासकट उडी मारली, कमरेएवढ्या गार पाण्यात हातानं चाचपत एकेक गोळा केलं. डोहाचा काठ उभा, निसरडा. त्यांना आपणहून वर यायला जागाच नव्हती, हे मी आधी बघितलंच नाही.

दोन तिथंच गेली. सदऱ्याच्या आत पोटाशी पाच धरून घरी पळालो. मायनं चुलीजवळ राखेवर फडकं टाकून ठेवली, फुंकरा घातल्या, चोच उघडून गुळाचं कोमट पाणी सोडलं. दुपारपर्यंत आणखी दोन गेली.

"बदकी अंगाखाली घेती तवा तिच्या अंगाचं तेल पिल्लाच्या लवेला लागतं म्हणं," माय म्हणाली. "त्यानं पानी लागत न्हाई त्यान्ला. मास्तरीण सांगत व्हती. कोंबडीच्या अंगाला कुठलं तेल?"

"मग हे आधी सांगायचं!"

"कवा सांगू? तू थांबतूस व्हय? उठला की निघाला."

मी वाडगा भिंतीवर फेकून मारला. दादांनी आतून नुसतं "हं" केलं.

१४ फेब्रुवारी

लिंबोणीखाली पुरली. कोंबडी दिवसभर ओढ्याच्या वाटेवर जाऊन बसते.

१७ फेब्रुवारी

तेल नाही ना, मग लावू. खोबरेल घेऊन एका पिल्लाला नीट चोळलं. लव चप्प बसली, ते धुळीत लोळलं आणि भज्यासारखं दिसायला लागलं. थरथर कापत कोपऱ्यात उभं. बाकीची दोन त्याला ओळखेनात. मायनं कोमट पाण्यात शिकेकाई कालवून ते धुतलं, वाळवलं, आणि मला म्हणाली, "तुला भाकर देते, ती खा. ह्यांना हात लावू नको."

मी म्हणालो, लावणार. पण तुझ्यासमोर लावीन.

तिला काय सांगू, ही पिल्लं मेली तर माझं काय जातं ते.

२१ फेब्रुवारी

आता असं चाललंय. सकाळी नाही. ऊन चांगलं अंगावर आलं, वारा पडला, की अंगणात परात ठेवायची. उन्हात ठेवून कोमट झालेलं पाणी, पिल्लाचे पाय बुडाशी टेकतील एवढंच. परातीत एका बाजूला चपटी वीट, म्हणजे नको वाटलं की त्यांनी आपल्या पायानं वर यावं. मी उचलायचं नाही. ती पाण्यात उतरली की मी जागचा हलायचं नाही. पहिली थरथर दिसायच्या आधी बाहेर. मग दादांच्या जुन्या धोतरात टिपून कोंबडीजवळ, उन्हात.

काल एक पिल्लू विटेवर नुसतं उभं राहिलं, उतरलंच नाही. मला राग यायला लागला. बोटानं ढकलणार होतो. मायनं बघितलं. हात मागं घेतला.

मजा अशी, पाण्यातून आल्यावर ती चोचीनं शेपटाच्या मुळाशी काही टोचतात आणि अंगभर चोच फिरवतात. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तासाला सर सांगत होते, पक्ष्याच्या शेपटापाशी तेलाची गाठ असते. मी तेव्हा खिडकीतून मुलींच्या बाकाकडं बघत होतो. म्हणजे तेल त्यांचं त्यांना येतंच आहे. फक्त वेळ लागतोय.

३ मार्च

पिवळी लव जाऊन पोटाखाली पांढरी पिसं फुटायलीत. परातीत आता तिघं मावत नाहीत. विहिरीवरच्या हौदात सोडायचं म्हणतो, पण हौदाच्या भिंती उभ्या. डोहाचं आठवतं. दोन दिवस नुसतं हौदाभोवती फिरलो.

६ मार्च

विहिरीवर गेलो तर हौदात तिरकी फळी टाकलेली, तिच्यावर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. वरचा शेंडा बरोबर काठाशी. सटवाजीनं केली असणार. त्याला शाबास म्हणालो तर तो म्हणाला, "म्या न्हाई बा," आणि लाजला. भला माणूस.

दादांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मायनं विचारलं तर म्हणाले, मोटरच्या पट्ट्यात सापडला. मोटर तर आठवडाभर बंद आहे.

पिल्लं फळीनं उतरली, पवली, फळीनं वर आली. अंग झटकलं तर पाणी मोत्यासारखं ओघळून गेलं. पोटाला हात लावून बघितला. कोरडं!

९ मार्च

रोज हौदात पवतात. खरोखर पवतात. बानूबाईजवळ निरोप दिला. ती नको नको म्हणत होती, पण कबूल झाली.

११ मार्च

निरोप आला. "बरं झालं म्हणावं. पण अजून जरा मोठी होऊ द्या. घाई करू नका."

केवढी माया आहे तिची या पिल्लांवर! पण आता मोठी म्हणजे किती मोठी? बानूबाईला विचारलं, बोलताना हसत होती का?

"न्हाई. पुस्तक घेऊन बसली व्हती."

१४ मार्च

शिमगा झाला. पुन्हा निरोप धाडला, पुन्हा तेच. अजून थोडी मोठी होऊ द्या. ती पिल्लं आता माझ्या हाताएवढी लांब झालीत! बाप येऊ देत नसेल. म्हाताऱ्याला भेटायलाच हवं. गेल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडं पेटलं तेव्हा आमच्या गावातलं त्यांचं घर जळलं, तेव्हापासून ती माणसं क्वार्टरवरच आहेत आणि गावातल्या कुणाशी धड बोलत नाहीत. त्या दिवशी मी नांदेडला होतो. माझा त्यात काय हात? मी तर तिच्यासाठी आपल्याच लोकांशी मारामारी केली. हे त्याला तोंडावर सांगतो.

ती येत नाही ना, मग मीच नेतो पिल्लं.

१५ मार्च

तिन्ही टोपल्यात घालून, वर फडकं बांधून स्टेशनावर गेलो. फलाटावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सिताराम, पाव्हणं आले रे, आहेर घेऊन!" आणि एकदम हशा पिकला. सिताराम क्वार्टरच्या पायरीवर भाकर खात होता. त्यानं ताट तसंच उचलून आत नेलं. सत्यशीला बाहेर आली. वाळली आहे.

तिनं फडकं सोडून आत बघितलं. "तीनच?"

"सात निघाली होती."

"बाकीची?"

"मेली. पाण्यात सोडली म्हणून."

"कवा सोडली?"

"निघाल्यावर चार-पाच दिवसांनी. तू म्हणाली होतीस ना, पवायला लागली की येते."

ती एका पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला बदकं नको होती. तुमी रोज हितं उभं राह्यचं बंद करावं, एवढंच पाहिजे व्हतं."

"तुमी फलाटावर उभे राह्यचे, आन बा कामावरून आला की गँगमधले त्याला इचारायचे, जावई जेवून गेला का म्हणून. आता ऐकलं न्हाई का? तुमाला 'येऊ नका' म्हणलं असतं तर दुप्पट आले असते. म्हणून अंडी दिली. वाटलं, दोन-तीन महिने त्यात जातील. तवर माझा अभ्यास व्हईल."

"मी तुझ्यासाठी त्याचा दात पाडला."

"म्या सांगितलं व्हतं? तो जे बोलला ते चार पोरांनी ऐकलं व्हतं. तुमी मारलं, मग सगळ्या कॉलेजनं ऐकलं. चौकशीत माझ्या बापाला बोलावलं. त्यानं माझं जाणंच बंद केलं."

"माझंबी कॉलेज सुटलं."

"तुमी सोडलं," ती म्हणाली. "माझं सुटलं."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.

"बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरलाय. बापाला कसंबसं कबूल केलंय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पयला पेपर, पूर्णेला. तिथं तुमी एक डाव जरी दिसले तर बा मला मधूनच उठवून आणील, आन मग मामाच्या पोराशी लगीन. आमचं घर तर गेलंच. एवढं एक राह्यलंय." मग फडकं परत नीट बांधून तिनं टोपलं माझ्या हातात दिलं. "पूर्णेला येऊ नका. आन ही न्या. हितं कुत्री हायत."

पुढचं लिहितो, कारण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःला वेगळं सांगेन.

परत येताना कॅनॉलच्या पुलावर थांबलो. डोकं फुटायची वेळ आली होती. हिनं मला खेळवलं. मी रोज परातीपुढं बसलो, धोतरानं पुसलं, आणि ही पुस्तक घेऊन बसली होती. टोपलं उचललं आणि तसंच्या तसं कॅनॉलमध्ये उपडं केलं.

पाणी जोरात होतं, आवर्तन सुटलेलं. तिन्ही वर आली, अंगं कोरडी, माना वर. पवत होती, पण जागेवर राहीनात. हौदातलं पाणी थांबलेलं असतं, वाहत्या पाण्यात मी त्यांना कधी घातलंच नव्हतं. ती मागं वळून माझ्याकडं यायला बघत होती. माझ्याकडं! मी काठानं पळायला लागलो, हाका मारत. कोंबडीसारखा.

१६ मार्च

दोन सापडली. वळणावर गवताला धरून बसली होती. तिसरं सडकेखालच्या मोरीतून पुढं गेलं. अंधार पडेस्तोवर शोधलं, आज सकाळी पुन्हा गेलो. नाही. सटवाजी बरोबर होता. थोड्या वेळानं दादाही आले, पलीकडच्या काठानं चालत राहिले. मी काय केलं ते मी त्यांना सांगितलं. वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "मोरीच्या पल्याड बघितलं का?" किती महिन्यांनी माझ्याशी थेट बोलले.

२४ मार्च

दोन्ही पाण्याजवळ जात नाहीत. हौदाजवळ नेली की उलटी फिरतात. पुन्हा परात काढली.

२९ मार्च

आज तिचा पहिला पेपर.

पहाटेपासून घरात बसवेना. मनाला म्हणालो, लांबून बघीन. तिच्या बापाला दिसणार नाही, कॉलेजच्या समोरच्या हॉटेलात बसेन. पेपरला जाताना तिचा चेहरा तेवढा बघायचा. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं? सडकेवर गेलो. पूर्णेची एस.टी. दिसली, हात केला. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं.

"चला."

मी पायरीवर पाय ठेवला आणि तसाच राहिलो.

"अहो पाव्हणं, आत या न्हाईतर बाहेर व्हा. गाडी काय तुमची सासुरवाडी हाय?"

आतले लोक हसले. मी पाय काढून घेतला.

"मग हात कशाला केला?"

"चुकून केला," मी म्हणालो.

तो काय पुटपुटला ते ऐकू आलं नाही. धुरळा खाली बसेपर्यंत उभा होतो. मला वाटलं होतं, असं काही केलं की माणसाला बरं वाटतं. काही बरं वाटलं नाही. घरी येऊन दिवसभर पांघरूण घेऊन पडलो. मायनं कपाळाला हात लावून बघितला.

४ एप्रिल

आज एक पिल्लू फळीच्या अर्ध्यावर आलं आणि थांबलं. मी हौदाच्या काठावर बसून होतो. ऊन डोक्यावर आलं तरी ते तसंच. दुसरं वर बसून पिसं टोचत होतं. मी काहीच केलं नाही. उतरलं नाही ते. उद्या बघू.

१३ एप्रिल

पेपर काल संपले असतील.

संध्याकाळी बानूबाई मेंढरं घेऊन परतली. क्वार्टरवरूनच आली असणार, तिची वाट तीच. माझ्याजवळ येऊन मुद्दाम थांबली, काठीवर हनुवटी टेकून.

"इचार की," म्हणाली. "तोंडावर आलंय तुझ्या."

दोन्ही बदकं हौदात होती, काठाकाठानं फिरत होती. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. परवा तिच्या कळपातली एक मेंढी लंगडत चालली होती.

"ती लंगडी मेंढी कशी हाय आता?"

बानूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. "टेकवाय लागलीय पाय," ती म्हणाली. "खुरात काटा व्हता. काढला."

आणि हाळी देत गेली.

पेपर कसे गेले, मला माहीत नाही.